राज्याचा अर्थसंकल्प स्वतः तपासायचा तर: वित्त विभागाची प्रकाशनं, ‘बीम्स’ आणि ‘कॅग’चे अहवाल किती उपयोगाचे?

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सभागृहात मांडला गेला की त्याची प्रकाशनं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर येतात. वर्षभरात कोणत्या खात्याचा पैसा किती सुटला आणि किती उडाला, ते ‘बीम्स’ या वितरण प्रणालीवर दिसतं. वर्ष सरल्यावर हिशेब जुळला की नाही, ते भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, आपल्या अहवालांत सांगतात. तिन्ही गोष्टी फुकट आहेत. ग्रामपंचायत सदस्य, पत्रकार, शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, कामाचं बिल अडकलेले ठेकेदार अशा सगळ्यांच्या उपयोगाची ही सेवा आहे. म्हणून तिच्याकडे सेवा म्हणूनच बघू: काय मिळतं, कसं वापरायचं आणि कुठे अडतं.

निष्कर्ष आधीच सांगतो. आकडे भरपूर आहेत आणि भरवशाचे आहेत. पण भाषणातली घोषणा, पुस्तकातली तरतूद, सुटलेला निधी, झालेला खर्च आणि नंतरची तपासणी या पाच पायऱ्यांना जोडणारा दुवा ही सेवा स्वतःहून देत नाही. तो वाचणाऱ्यानेच जोडायचा असतो आणि त्याची किल्ली एकच: लेखाशीर्ष, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक बाबीला दिलेला संकेतांक.

सुरुवात भाषणापासून करू नका. भाषणाच्या पहिल्या भागात योजना असतात, दुसऱ्यात करप्रस्ताव. त्यात लेखाशीर्षांचे क्रमांक नसतात आणि भाषणातला प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. मार्च २०२५ च्या भाषणात ३० लाख रुपयांहून महाग विद्युत वाहनांवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. त्याच अधिवेशनात तो लावणार नसल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. भाषणाची प्रत मात्र आहे तशीच राहते. नुसतं भाषण वाचून लेख लिहिणाऱ्याची इथेच फसगत होते.

आधी ‘अर्थसंकल्प संक्षिप्त’ उघडा. सगळ्या प्रकाशनांत सर्वांत नीट जमलेलं हेच आहे. अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा सांगाडा त्यात काही पानांत कळतो. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये. भांडवली खर्च धरून एकूण आकार ७,००,०२० कोटी. राजकोषीय तूट (कर्ज सोडून बाकी जमेपेक्षा जादा खर्च) १,३६,२३५ कोटी, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या सुमारे २.७६ टक्के. राज्याच्या २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यातली ३ टक्क्यांची मर्यादा पाळली, असं सरकार म्हणतं ते या आकड्यावरून. पण महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाचा काही भाग कर्जातून भागवणं. ती बाजू बातम्यांत क्वचित येते. वाचताना हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

पैसा येतो कुठून, याची उत्तरं जमेच्या लेखाशीर्षांत आहेत. ०००६ राज्य वस्तू व सेवा कर, ००४० विक्रीवरचे कर (पेट्रोल, डिझेल आणि मद्यावरचा मूल्यवर्धित कर इथे येतो), ००३० मुद्रांक व नोंदणी, ००३९ राज्य उत्पादन शुल्क, ००४१ वाहनांवरचे कर. केंद्रीय करांतला वाटा वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी विभाज्य निधीचा (राज्यांशी वाटून घ्यायच्या केंद्रीय करांचा) ४१ टक्के भाग राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. केंद्राचे उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत, त्यामुळे केंद्राचा एकूण करमहसूल वाढला म्हणून राज्याचा वाटा त्याच प्रमाणात वाढत नाही. केंद्राची अनुदानं १६०१ खाली दिसतात. उरलेली गरज कर्जातून भागते. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते आणि केंद्राचं कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते. २०२५-२६ अखेर कर्जाचा अंदाज ९,३२,२४२ कोटी रुपये होता. अंतर्गत कर्ज शोधायचं तर ६००३ आणि व्याज शोधायचं तर २०४९.

आता खर्चाचे विभागवार जाडजूड खंड. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. प्रत्येक विभागाला एक अक्षर आणि त्याखाली मागणी क्रमांक असतात (मागणी म्हणजे विभागाने सभागृहाकडे मागितलेली रक्कम): शालेय शिक्षणाला ‘ई’, सामाजिक न्यायाला ‘एन’, आदिवासी विकासाला ‘टी’, महिला व बालविकासाला ‘एक्स’. मागणीखाली चार अंकी प्रधान शीर्ष येतं. त्याच्या पहिल्या अंकावरून जात ओळखता येते. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्जं व आगाऊ रकमा. ८ पासून मुख्यतः लोकलेखा सुरू होतो, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ठेवी अशी सरकारकडे नुसती सांभाळायला असलेली रक्कम.

गावाकडे ही भाषा अनेकांना आधीपासून येते. ‘पंचवीस-पंधरातून सभामंडप’, ‘तीस-चोपन्नमधून रस्ता’, ‘पन्नास-चोपन्नचं काम’ असं सरपंच सहज बोलतात. २५१५ म्हणजे इतर ग्रामविकास कार्यक्रम, ३०५४ आणि ५०५४ म्हणजे रस्ते व पूल, पहिलं महसुली आणि दुसरं भांडवली. प्रधान शीर्षापुढे आणखी चार अंक लावले की नेमकी योजना हाती लागते. २५१५ १२३८ हे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांच्या कामांचं शीर्ष. शासन निर्णयात हाच आठ अंकी संकेतांक छापलेला असतो आणि अर्थसंकल्पाच्या खंडातही तोच असतो. योजनेचं नाव टाकून शोधलंत तर नाव दरवर्षी थोडंफार बदललेलं सापडेल. संकेतांक टाकून शोधा.

सर्वांत खाली उद्दिष्ट शीर्ष येतं, दोन अंकी. ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ सहायक अनुदाने (वेतन), ३३ अर्थसहाय्य, ३४ शिष्यवृत्ती, ५३ मोठी बांधकामे, ५० इतर खर्च. अनुदानित शाळेच्या पगाराला उशीर का, याचं उत्तर पुष्कळदा ‘अनुदान नाही’ असं मिळतं. खरा प्रश्न असतो: ३६ खाली शिल्लक किती? ३१ खाली पैसे पडून असले तरी ते पगाराला आपोआप चालत नाहीत. त्यासाठी पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे वळवणं, लागतं आणि तेही एकाच मागणीच्या आत, दत्तमत (सभागृहाने मतदानाने मंजूर केलेली) रक्कम दत्तमताकडेच. भारित खर्चाचं खातं वेगळं. व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, न्यायालयीन हुकूमनाम्यांची रक्कम यांवर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

वाचताना दोन जागी चूक होते. एक, एकक. संक्षिप्त पुस्तकात कोटी, तपशिलाच्या खंडांत सहसा हजार. ‘५०,०००’ दिसलं आणि पानाच्या माथ्यावर ‘रुपये हजारात’ असेल तर ते ५ कोटी आहेत. दुसरी, रकाने. चार रकाने असतात: दोन वर्षांमागची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. तुलना करायची ती प्रत्यक्ष रकमेशी आणि सुधारित अंदाजाशी. अंदाजाची तुलना नुसत्या अंदाजाशी केली तर प्रत्येक खात्याचा खर्च दरसाल वाढलेलाच दिसतो. सुधारित अंदाज हा सुद्धा विभागांनी पहिल्या काही महिन्यांच्या खर्चावरून बांधलेला अंदाजच असतो, हेही ध्यानात ठेवावं.

एका योजनेचा पैसा एकाच मागणीत असतो, हा समज सोडून द्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद असल्याचं जाहीर झालं. ही रक्कम नुसत्या महिला व बालविकासाच्या ‘एक्स’ मागणीत शोधली तर पुरी सापडत नाही, कारण तिचा काही भाग अनुसूचित जाती घटक कार्यक्रमात आणि काही आदिवासी घटक कार्यक्रमात, म्हणजे त्या त्या समाजासाठी वेगळ्या राखलेल्या तरतुदीत, आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाच्या ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाच्या ३३५.७० कोटी रुपयांचा निधी या योजनेकडे वळवण्यावरून वाद झाला तो याच रचनेमुळे. घटक कार्यक्रमातला पैसा सर्वसाधारण योजनेच्या लाभार्थ्यांपैकी त्या समाजाच्या वाट्यापुरता वापरणं योग्य की तो फक्त त्या समाजासाठीच्या वेगळ्या योजनांवर खर्चावा, हा खरा मुद्दा आहे आणि तो गंभीर आहे. पण प्रकाशनांत एके ठिकाणी ‘या योजनेची बेरीज तिन्ही मागण्या मिळून इतकी’ अशी सरळ ओळ मिळायला हवी, ती शोधावी लागते. या उणिवेला गुण कापावेच लागतील.

मंजुरीचा भाग विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून समजून घ्यावा लागतो. राज्यपालांच्या शिफारशीवाचून अनुदानाची मागणी मांडता येत नाही. वित्तमंत्री विधानसभेत आणि राज्यमंत्री विधान परिषदेत अर्थसंकल्प मांडतात. मग सर्वसाधारण चर्चा, त्यानंतर विभागवार मागण्यांवर चर्चा, कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव) आणि मतदान. अनुदानावर मत देण्याचा अधिकार एकट्या विधानसभेचा. शेवटी विनियोजन विधेयक येतं. परिषद त्यावर शिफारशी करू शकते, पण १४ दिवसांत ते परत गेलं नाही तरी दोन्ही सभागृहांत संमत झालं असं धरलं जातं. विनियोजन कायदा झाल्याशिवाय एकत्रित निधीतून एक रुपया काढता येत नाही. निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी, घेतलं जातं: २७ फेब्रुवारी २०२४ ला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जून २०२४ ला. त्या वर्षाचे खंड उतरवताना अंतरिमचा संच घेतला नाही ना, ते पाहा. सगळ्या मागण्यांवर चर्चेला वेळ पुरत नाही आणि उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकल्या जातात. त्यामुळे आपल्या विभागाची मागणी चर्चेच्या यादीत आहे का, ते आधी बघून आमदारांकडे कपात सूचनेसाठी मुद्दे पोहोचवावेत. एकदा दिवस टळला की त्या वर्षापुरती ही वाट बंद.

पुरवणी मागण्यांची पुस्तिका न वाचता अर्थसंकल्प वाचला म्हणणं चुकीचं ठरेल. ही पुस्तिका प्रत्येक अधिवेशनात येते: पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात आणि पुन्हा अर्थसंकल्पी अधिवेशनात. २०२४-२५ चा मूळ अर्थसंकल्प ६,१२,२९३ कोटींचा. त्यावर जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी, डिसेंबरमध्ये ३५,७८८ कोटी आणि मार्च २०२५ मध्ये ६,४८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. बेरीज १,३७,१६३ कोटी, म्हणजे मूळ आकाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. अर्थसंकल्पावर चर्चा करून ठरवलेली प्राधान्यं वर्षाच्या मध्यात इतकी हलत असतील, तर त्या चर्चेला किती अर्थ उरतो हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र आकडा उचलताना स्थूल आणि निव्वळ यांतला फरक पाळा. जून २०२५ च्या पुरवणी मागण्या स्थूल ५७,५०९.७१ कोटींच्या होत्या, तिजोरीवरचा निव्वळ भार ४०,६४४.६९ कोटींचा. बाकीची रक्कम हिशेबी समायोजनं, केंद्राकडून येणारा पैसा अशा कारणांनी वजा होते. पुस्तिकेत हजार रुपयांची मागणी दिसली तर ती छपाईची चूक नाही. ती लाक्षणिक मागणी असते: बचतीतून पैसा आहे, पण बाब नवी असल्याने सभागृहाची संमती हवी. प्रत्येक बाबीखाली कारण छापलेलं असतं. संपूर्ण संचात सर्वांत वाचनीय मजकूर हाच आहे आणि या पुस्तिकेला मी पूर्ण गुण देईन.

अधिवेशन नसताना तातडीचा खर्च आला तर आकस्मिकता निधी आहे. त्याची कायम मर्यादा १५० कोटींची. कमी पडली तर अध्यादेशाने ती तात्पुरती वाढवतात आणि घेतलेली उचल पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणीने भरून काढतात.

आता ‘बीम्स’. तरतूद मंजूर झाली म्हणजे पैसा कार्यालयात आला असं नाही. वित्त विभाग निधी प्रशासकीय विभागाला सोडतो, तो नियंत्रक अधिकाऱ्याला, तो आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याला. हा सगळा प्रवास बीम्सवर होतो. संवितरण अधिकाऱ्याने देयकाला (बिलाला) बीम्सचं प्राधिकारपत्र जोडलं नाही तर कोषागार ते देयक घेत नाही. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालय करतं. शिल्लक नसताना खर्च होण्याला या पद्धतीने चांगला आळा बसला आहे.

बाहेरच्या माणसाला बीम्सवर मुख्यतः तीन आकडे हवे असतात: तरतूद, वितरित निधी, खर्च. अडचण कुठे आहे ते या तिघांच्या अंतरावरून ओळखता येतं. तरतूद मोठी आणि वितरण थोडं असेल तर गाठ मंत्रालयात आहे. वित्त विभागाने निधी रोखला आहे किंवा विभागाने प्रस्तावच पाठवलेला नाही. वितरण झालं आहे पण खर्च नाही, तर गाठ खाली आहे: निविदा, प्रशासकीय मान्यता, लाभार्थी यादी किंवा नियंत्रक अधिकाऱ्याने पुढे न सोडलेलं अनुदान. ‘निधी आला नाही’ हे उत्तर ऐकून परत येण्याआधी एवढं तपासलं तरी कोणाच्या दारात जायचं ते कळतं. टक्केवारी काढताना भाजक कोणता घेतला, तेही पाहा. पुरवणी मागण्या धरून झालेल्या एकूण तरतुदीवर खर्च ४५ टक्के असेल, तर तोच वितरित निधीवर ८० टक्के दिसू शकतो. वर्तमानपत्रांतले परस्परविरोधी आकडे बहुतेक वेळा असेच तयार होतात.

बीम्सची मोठी मर्यादा अशी की इथला ‘खर्च’ म्हणजे कोषागारातून निघालेला पैसा. जिल्हा परिषदेला अनुदान वर्ग झालं की राज्याच्या वहीत ते खर्ची पडतं. रस्ता मात्र झालेला नसतो आणि जिल्हा परिषदेला तो पैसा पुढच्या वर्षअखेरीपर्यंत वापरता येतो. स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या ठेव खात्यात) रक्कम नेऊन ठेवली तरी तेच. मार्चच्या शेवटच्या दिवसांत खर्चाचा आलेख उभा चढतो त्यामागे हेही एक कारण आहे: ३१ मार्चला न वापरलेलं अनुदान व्यपगत होतं, म्हणजे हातचं जातं, म्हणून ते खात्याबाहेर काढण्याची घाई. तेव्हा जिल्हा वार्षिक योजनेचा खर्च ‘९८ टक्के’ दिसला तर जिल्हा परिषदेच्या पातळीवरचा अखर्चित निधी वेगळा मागून घ्यावा. बीम्स तो दाखवत नाही.

तपासणीच्या टप्प्यावर महालेखापालांचे (कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाचे) वित्तीय लेखे आणि विनियोजन लेखे ही मुख्य साधनं. मासिक ठळक आकडे कॅगच्या संकेतस्थळावर मिळतात. ते बीम्सशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण पुस्तकी समायोजनं आणि खर्चमेळ (विभागांचे आणि महालेखापालांचे आकडे जुळवणं) व्हायचा बाकी असतो. वर्षअखेरच्या अभ्यासाला महालेखापालांचा आकडा धरावा, चालू वर्षाला बीम्सचा. विनियोजन लेख्यांत प्रत्येक मागणीची बचत किंवा जादा खर्च दिसतो. पुरवणी मागणी घेतली आणि अखेरीस मूळ तरतूदही खर्ची पडली नाही, अशी प्रकरणं इथे उघडी पडतात. राज्य वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामावर वापरल्याचे दाखले) आणि संक्षिप्त आकस्मिक देयकांवर (तपशील नंतर देण्याच्या बोलीवरच्या बिलांवर) उचललेल्या, पण तपशीलवार देयक न दिलेल्या रकमा यांची प्रकरणं आधी वाचा. त्यात दरवर्षी तीच खाती पुन्हा दिसतात का, हे तीन अहवाल शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

उशीर हा या टप्प्याचा खरा दोष. अहवाल सभागृहात ठेवला जातो तोवर वर्ष सरून बराच काळ लोटलेला असतो आणि अनेकदा तो अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी येतो, म्हणजे चर्चेला जागाच उरत नाही. नंतर तो लोकलेखा समितीकडे, म्हणजे आमदारांच्या समितीकडे, जातो. समिती सचिवांची साक्ष घेते, शिफारशी करते, विभाग कार्यवाहीचा अहवाल देतो. मंजुरीपेक्षा जादा झालेला खर्च अनुच्छेद २०५ खाली नियमित करून घ्यायचा असतो. तीही प्रकरणं वर्षानुवर्षं तुंबतात. सभागृहाने मंजूर न केलेला पैसा खर्च होतो आणि त्यावर वेळेत मतदानही होत नाही, हे साधं प्रकरण नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी सूचना: अर्थसंकल्पाचे खंड पीडीएफ रूपात आहेत. जुन्या वर्षांतला मराठी मजकूर उचलून चिकटवला की अक्षरं तुटतात, तेव्हा शोध अंकांनीच घ्या आणि तक्ते हाताने उतरवण्याची तयारी ठेवा. हेच तक्ते गणनपत्रकाच्या स्वरूपात दिले तर या सेवेचा उपयोग कितीतरी वाढेल. गुण द्यायचे तर पाचांपैकी संक्षिप्त अर्थसंकल्पाला चार, विभागवार खंडांना अडीच, पुरवणी मागण्यांना पाच, बीम्सला साडेतीन, लेखापरीक्षण अहवालांना मजकुरासाठी पाच आणि वेळेसाठी दोन.

जिथे या साधनांचा दुवा तुटतो तिथे माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्काचा, कामी येतो. ‘रस्त्यावर किती खर्च झाला’ असं मोघम विचारू नका. मागणी क्रमांक, आठ अंकी लेखाशीर्ष, उद्दिष्ट शीर्ष आणि आर्थिक वर्ष लिहा. मग चार गोष्टी मागा: बीम्सवर मिळालेल्या निधीच्या वितरण आदेशांच्या प्रती, काढलेल्या देयकांची यादी कोषागाराच्या प्रमाणक (व्हाउचर) क्रमांकासह, ३१ मार्चला समर्पित (न वापरता परत) केलेली रक्कम आणि दिलेली उपयोगिता प्रमाणपत्रं. अर्ज मंत्रालयात टाकण्यापेक्षा ज्या कार्यालयाचा प्रमुख आहरण व संवितरण अधिकारी आहे तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. देयकांची नोंदवही त्याच कार्यालयात असते, त्यामुळे अर्ज इकडून तिकडे हस्तांतरित होण्यात दिवस जात नाहीत.